पायांवर झुपकेवाला, आटोपशीर पण दणकट घोडा घ्यायचाय (फक्त रपेटीसाठी) – जिप्सी कॉब, फेल, डेल्स की हायलंड?

कॅल्डरकाठ
नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे, सायकलींचे, एअर फ्रायरचे सल्ले मागणारे धागे निघतात तर म्हटलं घोड्याचा पण निघू दे एक.

मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते, हेब्डन ब्रिजच्या जवळपास. चाळिशी ओलांडल्यावर रायडिंग शिकायला लागले, रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर बरीच वर्षं झाली, आता लेक युनिव्हर्सिटीत गेली आणि घरात शांतता झाली म्हणून स्वतःचा घोडा घ्यायचा विचार पक्का होत आलाय. मला स्पर्धा नकोत, उड्या नकोत, ड्रेसाज नको. आमच्या दारापासून ब्रायडलवे (घोडे, सायकली, चालणाऱ्यांसाठीची वाट) सुरू होतो, मेरी टाउनली लूप म्हणून ४७ मैलांचा मोठा फेरा आहे पेनाइन ब्रायडलवेचा, त्याचे तुकडे तुकडे करत डोंगरात रमतगमत फिरायचं, एवढंच. मध्ये थोडा रस्ता लागतो, ट्रॅक्टर असतात, मेंढ्या असतात, सायकलवाले मागून न सांगता येतात.

माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ६८ किलो. नवरा ८९ किलो, तो महिन्यातून कधीतरी बसेन म्हणतोय (म्हणतोय!). घोडा फार उंच नको कारण वाटेत उतरावं लागलं तर परत चढता आलं पाहिजे, १४ हातांच्या आसपास बरा (घोड्याच्या उंचीचा हात म्हणजे चार इंच).

आणि आता खरं सांगते, मला ते पायांवर लांब केस असलेले घोडे हवेत. फेदरवाले. जूनमध्ये ॲपलबीच्या जत्रेला गेले होते, तिथे ईडन नदीत ते काळेपांढरे कॉब पोहायला घालतात, पोरं वर उघड्या पाठीवर बसलेली, आणि बाहेर आल्यावर ते पायांचे केस झटकतात ना, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पण यार्डवरच्या (तबेल्यावरच्या) बायका म्हणतात कॉब घेऊ नकोस, फेल घे, दुसरी म्हणते डेल्स, तिसरी म्हणते केस असलेलं काहीच घेऊ नकोस, मरशील पाय धुऊन धुऊन. बजेट सहा-सात हजार पौंडांपर्यंत. DIY ला मराठीत काय म्हणतात माहीत नाही, म्हणजे तबेला भाड्याने आणि शेण आपणच उचलायचं, ती लिव्हरी ठरलीय.

सांगा.

तात्या_नगरकर
धागा वाचायला घेतला तेव्हा वाटलं कोंबडी घ्यायचीय, झुपकेवाले पाय म्हणून. असो. आमच्याकडे घोडा घेताना आधी भोवरे बघतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत गेलात तर दात कुणी नंतर बघेल, आधी गळ्यावर देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, अशुभ भोवरा कुठे नाही ना. तुमच्या त्या कॉबला भोवरा शोधायचा तर आधी केस बाजूला करायला माणूस ठेवावा लागेल.

८९ किलोवाल्या साहेबांना सायकल घेऊन द्या.

अबलख
कॅल्डरकाठ, मी लँकेशायरमध्ये, जिप्सी कॉब आहे माझ्याकडे, काळापांढरा, १४ हातांना थोडा कमी. त्यामुळे माझं मत बायस्ड आहे हे आधीच सांगतो.

कॉब कशासाठी घडवला गेला ते लक्षात घेतलं की अर्ध्या शंका मिटतात. रोमानी भटक्या लोकांनी आपल्या गाड्या ओढायला हा घोडा तयार केला, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, शायर आणि क्लाइड्सडेल या अवजड जातींचं वजन, फेल आणि डेल्सचा आटोपशीरपणा. दिवसभर एका लयीत दुडकत राहील, रात्री रस्त्याच्या कडेला जे गवत मिळेल त्यावर जगेल, आणि पोरंसोरं पायांत आली तरी लाथ मारणार नाही असा हवा होता. लाथ मारणारा त्यांनी ठेवलाच नाही. म्हणून स्वभाव असा आहे, काही जादू नाही त्यात.

पण त्याचीच दुसरी बाजू ऐका. खांदा सरळसोट असतो, वजन पुढे असतं, ओढण्यासाठीची ठेवण आहे ती. दुडकी चाल छान, कॅन्टर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) मात्र मागून घ्यावा लागतो आणि कितीतरी कॉब आधी गाडीलाच जुंपलेले असतात, पाठीवर माणूस उशिरा आलेला असतो, त्यांना माणसासकट कॅन्टर करताना तोल कसा सांभाळायचा हेच माहीत नसतं. विकणाऱ्याला थेट विचारा, गाडीला चाललाय का, पाठीवर किती वर्षं झाली, आणि त्याला तुमच्यासमोर स्वतः बसून दाखवायला सांगा. तो बसत नसेल तर तुम्हीही बसू नका.

दुसरं, "बॉम्बप्रूफ" (कशालाच न बिथरणारा) लिहिलेली जाहिरात दिसली की पाच-स्टेजची व्हेटिंग (घेण्याआधी घोड्याच्या डॉक्टरकडून तपासणी) करा, दोन-स्टेजवर भागवू नका. पाच-स्टेजमध्ये रक्त काढून सहा महिने ठेवतात, घरी आणल्यावर पंधरा दिवसांत तो शांत घोडा वेडापिसा झाला किंवा लंगडायला लागला तर ते रक्त तपासून त्या दिवशी गुंगीचं औषध किंवा ब्यूट (वेदनाशामक) दिलं होतं का ते कळतं. आमच्या यार्डवर एकीच्या बाबतीत हे झालंय, विकणारा कोण ते इथे लिहीत नाही.

आणि हो, रुंदी. कॉबवर बसणं म्हणजे सोफ्याच्या हातावर पाय टाकून बसणं. तुमची कंबर, गुडघे कसे आहेत?

कॅल्डरकाठ
@अबलख धन्यवाद, खूपच उपयोगी. कंबर ठीक, डावा गुडघा कुरकुरतो. रायडिंग स्कूलमधला एक कॉब चालवते त्यावर तासाभराने उतरले की खेकड्यासारखी चालते.

@तात्या साहेबांना दाखवला तुमचा प्रतिसाद. सायकल आहे म्हणे, तिच्यावरही बसत नाही.

रानजाई
केंडलजवळ असते, फेल घोडी आहे, पूर्ण काळी. आता फेलची बाजू मांडायला कुणीतरी हवंच ना.

फेल १४ हातांच्या वर जात नाही, जातीचा नियमच आहे तो. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात आजही कळपाने मोकळ्या राहतात. पूर्वी पाठीवर लोकर, शिसं लादून लांबलांब चालायच्या, त्यामुळे पाय कुठे टाकायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. दलदल असेल तर माझी घोडी थांबते, मी कितीही टाच मारली तरी जात नाही, आणि नेहमी तिचंच बरोबर निघतं. राणी एलिझाबेथ नव्वदीतही फेलवर बसायची हे माहीत असेलच, तिची ती काळी एमा २०२२ मध्ये अंत्ययात्रेच्या वेळी विंडसरच्या लाँग वॉकवर उभी होती, पाठीवर खोगीर घातलेलं. फिलिप साहेब फेलच्या गाड्या हाकायचे स्पर्धेत.

स्वभाव म्हणाल तर कॉबपेक्षा चटपटीत आणि आगाऊ. कॉबला सांगितलं की करतो. फेलला पटवावं लागतं. गेटची कडी उघडणं, बादली उलटी करणं, कुंपणाचा करंट बंद आहे हे माझ्या आधी ओळखणं, सगळं येतं. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरं काही आवडत नाही, ज्यांना नाही आवडत ते वर्षभरात विकतात.

फेदर मध्यम असतं, रेशमी, मागच्या बाजूला. जिप्सी कॉबसारखं खुरावर घागरा पडल्यासारखं नाही. धुणं निम्म्यावर येतं.

मृदगंध
वाचतेय. फोटो टाका ना कुणीतरी!

डॉ_खरारा
मी आयर्लंडमध्ये व्हेट आहे, मिक्स्ड प्रॅक्टिस, पण घोडे बरेच. दोन गोष्टींवर लिहितो, वजन आणि पाय. स्वभावावर वरचे लोक छान लिहितायत.

आधी वजनाचा हिशोब. माणूस, कपडे, बूट, हेल्मेट, खोगीर सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, १५ च्या आसपास असेल तर उत्तम. इथे घोड्याचं वजन म्हणजे तब्येतीत असतानाचं, चरबीचं नाही. जाडा घोडा जास्त वजन उचलतो असं नसतं, तो आधीच स्वतःचं जास्तीचं उचलत असतो. आता फेल साधारण साडेतीनशे ते चारशे किलोची धरा. कॅल्डरकाठ ६८ आणि खोगीर-बूट वगैरे मिळून दहा, म्हणजे ७८. चारशेच्या घोडीला जेमतेम २० टक्क्यांच्या आत, साडेतीनशेच्या घोडीला बाहेर. रानजाई रागावतील, पण तुमच्या डोंगरात, चढउतारावर, मी तुम्हाला लहान फेल सुचवणार नाही, मोठ्या हाडाची असेल तरच. साहेब तर फेलवर नाहीतच. १०० किलोच्या आसपास जातं त्यांचं सगळं मिळून, त्यांना पाचशे किलोचा घोडा हवा, म्हणजे चांगला भरलेला कॉब किंवा डेल्स-हायलंडमधला दांडगा.

आता पाय. फेदरचं सौंदर्य मलाही कळतं पण मी जे बघतो ते त्याच्या खालचं बघतो.

सगळ्यात जास्त दिसतात ते माइट्स. कोरिऑप्टेस नावाचे बारीक किडे, कातडीच्या वरच्या कोंड्यावर जगतात, केसांच्या उबेत मजेत राहतात. घोडा रात्री पाय आपटतो, एका पायाने दुसरा घासतो, स्वतःचा पाय चावतो. लोक म्हणतात सवय आहे त्याची. सवय नसते. हे किडे अंथरुणात, भुशात काही आठवडे टिकतात, म्हणून घोड्याला औषध देऊन तबेला तसाच ठेवला की परत येतात. तोंडावाटे द्यायची जंताची पेस्ट यांच्यावर नीट चालत नाही, कारण ते रक्त पीत नाहीत. आम्ही डोरामेक्टिनचं इंजेक्शन देतो किंवा फिप्रोनिल मारतो, दोन्ही घोड्यासाठी लेबलवर नसलेली औषधं आहेत, त्यामुळे व्हेटला विचारूनच, नेटवर वाचून आपलं आपण नको.

मग ओलाव्याने घोट्याच्या मागे खपल्या धरतात, मड फीव्हर. तुमच्याकडे यॉर्कशायरला चिखल म्हणजे सहा महिने. इथे एक गोष्ट उलटी आहे, रोज धुऊ नका. धुतलेलं फेदर पूर्ण वाळायला रात्र जाते आणि ओली कातडी मऊ पडून फुटते. चिखल वाळू द्या, मग ब्रशने काढा. धुतलंच तर शेवटपर्यंत वाळवा, भुशाची पावडर लावून किंवा टॉवेलने, केस ड्रायरने वाळवणारे लोक मी बघितलेत आणि मला त्यांचं हसू येत नाही.

आणि तिसरं, ज्याच्याबद्दल विकणारा कधीच बोलणार नाही, ते म्हणजे सीपीएल. लिम्फच्या नळ्यांचा आजार, पाय हळूहळू सुजतात, घोट्याजवळ कातडीच्या घड्या पडतात, मग गाठी. शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन आणि जिप्सी कॉबमध्ये दिसतो. बरा होत नाही, आटोक्यात ठेवतात. तरुण वयात सुरुवात होते पण केसांखाली दिसत नाही. म्हणून घोडा बघायला जाल तेव्हा चाल बघण्याआधी खाली बसा (बाजूला, मागे नाही) आणि चारी पायांचे केस बाजूला करून घोट्याच्या मागची कातडी बोटांनी चाचपा. गुळगुळीत आणि सैल लागली पाहिजे. घड्या, गाठी, खपल्या, ओलसर वास आला तर तिथेच थांबा. घोडा पाय हातात देत नसेल तर त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं, तिथे दुखत असतं.

तात्या_नगरकर
डॉक्टर, आमचा भोवराही बोटांनीच बघतात.

लेख वेगळा टाका यावर, प्रतिसादात वाया जाईल.

रानजाई
@डॉ_खरारा अजिबात रागावले नाही, बरोबर आहे तुमचं. माझं वजन ५४ आहे म्हणून मला चालतं.

एक भर घालते, फेल आणि डेल्स दोन्हींमध्ये एफआयएस म्हणून शिंगरांचा जीवघेणा आजार आहे, प्रतिकारशक्तीच नसते, शिंगरं दोन-तीन महिन्यांत जातात. २०१० पासून जनुकाची टेस्ट आहे. पण तुम्हाला पैदास करायची नाही, खच्ची घोडा घेत असाल तर वाहक असला तरी फरक पडत नाही, त्याला स्वतःला काही होत नाही. कुणी घाबरवलं तर घाबरू नका इतकंच.

ओहायोकर
इकडे अमेरिकेत हाच घोडा जिप्सी व्हॅनर म्हणून मिळतो. १९९६ मध्ये फ्लोरिडाच्या एका जोडप्याने पहिले आणले, सोसायटी काढली, नाव दिलं, आणि आता केसांच्या लांबीवर किंमत ठरते. तुम्ही ज्याला सहा हजार पौंडात बघताय तसा रजिस्टर्ड इथे बघितला तर डोळे पांढरे होतील. त्यामुळे तुम्ही नशीबवान. इथे लोक वेणी घालून पिशवीत आयाळ बांधून ठेवतात, रपेटीला कोण नेतं, केस तुटतील ना.

डॉक्टरांना विचारायचं होतं, पीएसएसएम (स्नायूंचा आजार) टेस्ट युरोपात करतात का? आमच्याकडे ड्राफ्ट (ओझं ओढणाऱ्या जातींचं) रक्त म्हटलं की आधी तीच.

डॉ_खरारा
@ओहायोकर हो, करतात, केसांच्या मुळांवरून होते, स्वस्त आहे. साखर स्नायूंमध्ये चुकीच्या पद्धतीने साठते, घोडा कामाला लागला की आखडतो, मांड्या दगडासारख्या होतात. "आळशी कॉब" म्हणून हिणवलेल्या घोड्यांतले काही खरोखर आजारी असतात. टाइप १ ची टेस्ट करून घ्या, व्हेटिंगच्या आधी विकणाऱ्याला विचारून केस पाठवता येतात.

कॅल्डरकाठ
बापरे. डॉक्टर, वाचून एकीकडे घाम फुटला आणि एकीकडे बरं वाटलं. म्हणजे आता जिप्सी कॉब नकोच का? मला वाटतं मी इथे येऊन "घे गं, काही होत नाही" ऐकायला आले होते.

अबलख
घ्या हो, काही होत नाही :)

गंमत सोडा. माझ्या घोड्याला माइट्स झाले होते, फेदर पूर्ण भादरून टाकलं, औषध झालं, वर्षाभरात बऱ्यापैकी परत आलं. त्या वर्षी तो बिचारा पायजमा न घातल्यासारखा दिसायचा पण पाय ठणठणीत. आता मी पावसाळ्याआधी, म्हणजे इथल्या ऑक्टोबरआधी, मागच्या बाजूने थोडं कमी करतो. शो रिंगमध्ये जायचं नसेल तर भादरायला कुणाची परवानगी लागत नाही. लोक केसांसाठी घोडा घेतात आणि मग केस कापायला नकार देतात, तिथे सगळं बिघडतं.

खरा त्रास मला गवताचा वाटतो. पाय डोळ्यांना दिसतात तरी.

डॉ_खरारा
@अबलख यांना १०० टक्के अनुमोदन. मी पायांवर एवढं लिहिलं पण या घोड्यांना मारतं ते गवत.

हे सगळे, कॉब, फेल, डेल्स, हायलंड, कमी खाण्यावर जगण्यासाठी घडलेत. त्यांना तुम्ही गाईंसाठी पेरलेल्या, खत घातलेल्या रायग्रासच्या कुरणात सोडता. इन्सुलिन वाढतं, आणि एक दिवस घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, हलत नाही. लॅमिनायटिस. खुराच्या आत जे हाड लटकलेलं असतं त्याची पकड सुटते. एकदा झालं की आयुष्यभर जपावं लागतं, काहींना झोपवावं लागतं.

त्यामुळे लिव्हरी निवडताना तबेला किती छान आहे हे बघू नका, विचारा की माझ्या घोड्याला कमी गवत देता येईल का. पट्ट्यापट्ट्याने कुंपण सरकवू देतात का, कुरणाभोवती ट्रॅक आहे का, गवताविना नुसती माती-वाळूची जागा आहे का. तोंडाला चरण्याचं मुसकं घालता येतं. वाळलेलं गवत भिजवून साखर कमी करून, वजन उतरवायचं असेल तर शरीराच्या साधारण दीड टक्का, म्हणजे पाचशे किलोला साडेसात किलो, तेही तोलून. अंदाजाने नाही, काट्यावर. मानेवरचा वरचा भाग कडक, उभा राहिलेला दिसला तर तो रुबाब नसतो, चरबी असते.

मृदगंध
खूप माहितीपूर्ण धागा झालाय. माझा एक भाबडा प्रश्न, आमचं मुळशीला फार्महाउस आहे, असा एखादा भारतात आणता येईल का? मुलांना फार आवडेल.

अबलख
@मृदगंध कृपया नको. विमान, क्वारंटाइनचे सोपस्कार हे एक, पण आणलात तरी एप्रिल-मेच्या उन्हात ते केस, ती चरबी, ती जाड कातडी घेऊन तो काय करणार? आणि मुळशीचा पाऊस त्या पायांना.

तात्या_नगरकर
@मृदगंध आपला भीमथडी बघा की. दिसायला साधा, पण दख्खनच्या उन्हापावसात जन्म काढलेला. बारामती, पुणे, नगर भागात धनगर मंडळी मेंढरं घेऊन निघतात तेव्हा अख्खा संसार त्याच्या पाठीवर असतो, भांडी, पोरं, कोंबड्या, कोकरं. तुमच्या त्या जिप्सींची गाडी कॉब ओढतो, आमचा बिनगाडीचाच नेतो. वेगळी जात म्हणून सरकारी नोंदही झालीय आता. मुलांना बसायला उंचीही बेताची.

मृदगंध
अरे वा, हे माहीतच नव्हतं! धन्यवाद तात्या. विषयांतर थांबवते.

हिमालयातला_कोकणी
उशिरा आलो. हायलंडबद्दल कुणी लिहिलंच नाही. इन्व्हर्नेसला होतो काही वर्षं, तिथे हरणांच्या शिकारीनंतर ते आख्खं हरीण डोंगरावरून पाठीवर लादून आणायला हायलंड पोनी वापरतात, अजूनही. रक्ताच्या वासाने बिथरत नाहीत म्हणजे विचार करा. १४.२ हातांपर्यंत (१४ हात २ इंच) जातात, मातकट पिवळसर रंग, पाठीवरून गडद रेघ. फेदर माफक. वजन उचलायला यांच्यासारखं कोणी नाही. फक्त चालताना गाल फुगवून चालल्यासारखे वाटतात, घाई म्हणून नाही. आणि चांगला, चाललेला, मधल्या वयाचा हायलंड विकायला येतच नाही, कुणी सोडत नाही.

रानजाई
आणि डेल्स राहिला. फेलचा मोठा भाऊ समजा, पेनाइनच्या पूर्वेकडचा, शिशाच्या खाणींतून बंदरापर्यंत माल वाहणारा. १४.२ पर्यंत, हाड मोठं, दुडकी चाल अशी की गुडघे वर उचलत जातो, रस्ता खातो नुसता. कॅल्डरकाठ, वजन, डोंगर, तुमचं गाव, सगळं धरलं तर कागदावर तुमच्यासाठी डेल्सच आहे. अडचण एकच, फार कमी आहेत, दुर्मिळ जातींच्या यादीत आहेत. डेल्स क्रॉस मात्र मिळतात, डेल्स-कॉब वगैरे, पासपोर्टवर (घोड्याच्या ओळखपत्रावर) जात लिहिलेली नसते पण घोडा छान असतो.

कॅल्डरकाठ
अपडेट. मंडळी, दोन बघून आले.

पहिली, पाच वर्षांची जिप्सी कॉब घोडी, काळीपांढरी. काय सांगू, आयाळ छातीपर्यंत, पाय म्हणजे झुंबर. मी मनातल्या मनात नाव पण ठेवलं. मग डॉक्टर आठवले, खाली बसले, मागच्या डाव्या पायाचे केस बाजूला करायला गेले तर तिने पाय खेचून घेतला, तीनदा. विकणारी म्हणाली गुदगुल्या होतात तिला. जिथे हात लागला तिथे खपल्या होत्या, खरखरीत. मानेचा वरचा भाग कडक. विकणारी स्वतः बसून दाखवायला तयार नव्हती, पाठ धरलीय म्हणाली. मी पण नाही बसले.

दुसरा ११ वर्षांचा खच्ची घोडा, डेल्स क्रॉस, बहुतेक कॉबशी. १४.१, गडद तपकिरी, एक पाय पांढरा. वजनपट्टीवर ५१० किलो भरला आणि विकणाऱ्या बाईने आपणहून सांगितलं की थोडा जाड आहे, ४८० ला छान दिसतो. पण त्याचे पाय भादरलेले! पूर्ण! मी गेले तेव्हा वाटलं हे काय, केस तर नाहीतच. आणि मग शंका, काही लपवायला भादरलेत का? बसले, रस्त्यावर नेला, मागून दूधवाल्याची गाडी आली, कान हलवले फक्त. कॅन्टर मागितला तर दोन ढांगा विचार करून दिला.

डॉक्टर, भादरलेल्या पायांचं काय समजू?

डॉ_खरारा
लपवायला केस ठेवतात हो, काढत नाहीत. भादरलेल्या पायावर कातडी उघडी दिसते, तुमचं काम सोपं झालं. का भादरले ते विचारा, कधीपासून, माइट्सचं औषध कधी दिलं, पावत्या आहेत का. कातडी कशी होती?

घोडीबद्दल, तुम्ही निघून आलात ते ठीक केलं. खपल्या बऱ्या होतील कदाचित, पण पाच वर्षांची, मान कडक, पाय देत नाही आणि मालकीण बसत नाही, एवढं सगळं एकत्र नको.

कॅल्डरकाठ
कातडी गुळगुळीत, घड्या नाहीत. दर हिवाळ्याला भादरते म्हणाली, चिखल फार म्हणून, उन्हाळ्यात वाढू देते. गेल्या उन्हाळ्याचे फोटो दाखवले, फेदर आहे, भरपूर नाही पण आहे. औषधाच्या पावत्या फाइलमध्ये. पासपोर्ट आणि चिप जुळली, ती चिप मी तिच्याच स्कॅनरवर बघितली. गाडीला कधी जुंपलेला नाही. विकायचं कारण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन.

अबलख
घ्या. (यावेळी गंमत नाही.)

व्हेटिंग पाच-स्टेजच करा, आणि व्हेट तुम्ही शोधा, तिचा नेहमीचा नको. आणखी एक, खोगीर. या घोड्यांचा खांद्यामागचा उंचवटा जवळपास नसतोच, पाठ सपाट, त्यामुळे साधं खोगीर एका बाजूला फिरतं, विशेषतः चढताना. त्याचं आत्ताचं खोगीर मिळालं तरी सॅडल फिटरला बोलावून दाखवा, कारण त्याला ३० किलो उतरवायचेत आणि उतरल्यावर ते बसणार नाही. रुंद, गोलाकार ट्री (खोगिराचा आतला सांगाडा) लागते. आणि तुम्ही जमिनीवरून चढू नका, माउंटिंग ब्लॉक किंवा भिंत शोधा, त्याच्या पाठीलाही बरं, तुमच्या गुडघ्यालाही.

रस्त्यावर जाणार तर फ्लोरोसंट जॅकेट. २०२२ पासून हायवे कोडमध्ये लिहिलंय की घोड्याला ओलांडताना ताशी १० मैलांच्या आत आणि दोन मीटर अंतर ठेवून, पण ड्रायव्हरला तुम्ही लांबून दिसलात तरच ना.

ओहायोकर
४८० चे २० टक्के ९६ झाले. साहेब ८९ अधिक खोगीर. साहेबांना तीन-चार किलो उतरवायला लागतील.

कॅल्डरकाठ
@ओहायोकर ४८० हा घोड्याचा आकडा आहे, तो आधी ४८० ला येऊ दे, मग साहेबांचं बघू. दोघांना एकदमच डाएटवर ठेवते, एकाला भिजवलेलं गवत, एकाला मोड आलेले मूग.

तात्या_नगरकर
नाव काय पठ्ठ्याचं? आणि भोवरा बघितला का?

कॅल्डरकाठ
नाव केव्हिन. पासपोर्टवर पण केव्हिन. कपाळावर दोन भोवरे आहेत, एकाखाली एक, शुभ की अशुभ ते सांगू नका तात्या, व्हेटिंग मंगळवारी आहे.

डॉ_खरारा
व्हेटिंग झाली की इथे रिपोर्ट टाका, नाव-पत्ता झाकून. आणला तर पहिले दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळा ठेवा, शेणाची जंतांची तपासणी करा, आणि एप्रिलचं कोवळं गवत येण्याच्या आधी इन्सुलिन बघून घ्या, ११ वर्षांचा आणि ३० किलो जास्तीचा आहे. फेदर उन्हाळ्यात वाढू द्या हवं तर.